पहिलं सिझर, आता ड्यू डेट ऑगस्टची आणि घर पंचगंगेच्या काठाला. काय करावं?

चिखलीकरीण | १२ जून, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक होतो, आज पहिल्यांदा लिहायला बसलो.

३१ आठवडे झालेत. ड्यू डेट १४ ऑगस्ट. थोरली या ऑगस्टात तीन वर्षांची होईल, ती सिझरची. त्या वेळी माहेराजवळच्या एका दवाखान्यात होतो (दवाखान्याचं नाव नको, गावाचं पण नको). सकाळी पाणी गेलं म्हणून ॲडमिट, मग कळांचं सलाईन, आणि रात्री अकराला पळवत थिएटरात. बाहेर आईला सांगितलं, "कंबर लहान, बाळ मोठं, उतरेना झालंय." पोरगी भरली २ किलो ७००. आई अजून विचारते, पावणेतीन किलोचं मोठं कुठलं गं?

आता कोल्हापुरातल्या एका मॅडमकडे नाव घातलंय. त्या म्हणाल्या, तुम्हाला नॉर्मलची संधी घेता येईल, नाहीतर तारीख ठरवून सिझर, घरी बोलून सांगा. घरी माणसं पाच, मतं सात. सासूबाई म्हणतात, एकदा पोट उघडलंयच तर परत तिथूनच, ज्योतिबाचा रविवार बघून घेऊ. नवरा म्हणतो डॉक्टर सांगतील ते. आईला नॉर्मल पाहिजे, कारण तिचे गुडघे गेलेत आणि दोन महिने माझ्याकडं राहून माझं करणं तिला झेपणार नाही. हे ती बोलून दाखवत नाही, पण मला कळतंय.

आणि खरा घोर वेगळाच आहे. आमचं घर प्रयाग चिखलीत. २०१९ ला आमच्या गल्लीतून माणसं बोटीनं काढली, २०२१ ला परत तेच. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झालं की आमच्यात धान्य माळ्यावर चढतं, ४३ ला जनावरं बाहेर. रात्री दोनला कळा सुरू झाल्या आणि रस्त्यावर पाणी असलं तर? सिझरची तारीख ठरली तर हा एक घोर तरी मिटेल असं वाटतं.

ज्यांनी दोन्हीतलं काही केलंय त्यांनी सांगा. घाबरवू नका, पण साखर लावून पण सांगू नका.


मिरजतिकटी | १२ जून, रात्री ११.१५

माझी दोन्ही सिझर. पहिलं दिवसभर कळा खाऊन शेवटी, दुसरं ठरवून. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. दुसऱ्या वेळी सकाळी अंघोळ करून, देवाला हात जोडून, आपल्या पायानं चालत टेबलापर्यंत गेले. साडेनऊला बाळ, दहाला भूलतज्ज्ञ डॉक्टर माझ्याशी झुणका-भाकरीवर गप्पा मारत होते. चौथ्या दिवशी घरी.

साखर नको म्हणालीस म्हणून सांगते. खोकला आला की पोटाला उशी धरायची. थोरला चार वर्षांचा, पळत येऊन अंगावर झेपावायचा, आणि मला दीड महिना त्याला उचलायची बंदी. तो दाराशी उभा राहून "आई माझ्याशी कट्टी आहे का" विचारायचा. टाक्यांचं दुखणं विसरले, हे नाही विसरले.


साधासरळ | १३ जून, सकाळी ७.०५

सरकारचा आकडा बघा, २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण: देशातल्या खासगी दवाखान्यांत १०० बाळंतपणांमागे ४७ सिझर, सरकारीत १४. खासगीत गेल्यावर बाईची कंबर आपोआप लहान होते काय? सगळा पॅकेजचा खेळ आहे. सरळ सीपीआरला, आपल्या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात जावा.


कोथरूडकर | १३ जून, सकाळी ९.३०

विषय गंभीर आहे, तरी एक बाळबोध शंका. "बसलो", "होतो"… धागा बाबांनी काढलाय की आईंनी?


रंकाळा_सकाळी | १३ जून, सकाळी ९.४२

कोथरूडकर, आमच्याकडं बायका पण आलो-गेलोच म्हणतात ओ. बाळंत होऊन पण "झालो" म्हणतात. 😄

ताई, माझं पहिलं सिझर, दुसरं नॉर्मल, दोन वर्षांपूर्वी. पहिलं पायाळू होतं म्हणून सिझर, म्हणजे कळांचा अनुभव शून्य. दुसऱ्या वेळी ११ तास कळा, शेवटी ठोके थोडे कमी यायला लागले म्हणून व्हॅक्यूम लावून काढलं. खाली मोठा टाका. बाकीच्या सांगतात "नॉर्मल झालं की दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटायला मोकळी." मी दहा दिवस धड बसू शकत नव्हते, हवेच्या ट्यूबवर बसायचे, आणि पहिल्यांदा शौचाला जाताना सिझर परवडलं म्हणून रडले. पण हो, थोरल्याला तिसऱ्या दिवशी उचललं. आणि एक सांगू? बाळ बाहेर आल्या आल्या ओलं-चिकट छातीवर ठेवलं ना, तेव्हा नवऱ्याला शिव्या घालत होते ते मधेच थांबले.


प्रसूतीवाली | १३ जून, दुपारी ३.२०

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, कोल्हापुरातच वीस-एक वर्षं. धागाकर्त्या ताई माझ्या पेशंट नाहीत आणि मी त्यांना तपासलेलं नाही, हे धरून वाचा.

आधी साधासरळ यांना. तुमचा आकडा खरा आहे आणि तो आमच्या व्यवसायाला शोभणारा नाही. पण दुसऱ्या बाजूचंही एक ऐका. सिझर झालेल्या बाईच्या कळा चालू असतात तेव्हा डॉक्टरला तिथेच थांबावं लागतं. भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, तयार थिएटर आणि तिच्या गटाचं रक्त हे सगळं रात्री तीन वाजताही हाताशी लागतं. एकटा डॉक्टर आणि फोनवर येणारा भूलतज्ज्ञ अशा वीस खाटांच्या दवाखान्यात कुणी "आमच्याकडे ही संधी देता येणार नाही" म्हणालं, तर ते लुबाडणं नव्हे, प्रामाणिकपणा आहे. कान त्याचा धरा जो कारणच सांगत नाही.

आता ताई. "एकदा सिझर म्हणजे कायम सिझर" हे वाक्य १९१६ सालचं, न्यूयॉर्कच्या एडविन क्रॅगिन नावाच्या डॉक्टरचं. तेव्हा गर्भपिशवी वरच्या जाड भागात उभी कापायचे. तो टाका पुढच्या कळांत उसवायची भीती मोठी असते, आजही तसा छेद असेल तर आम्ही कळा येऊ देत नाही. पुढं खालच्या पातळ भागात आडवा छेद घ्यायची पद्धत रुळली आणि हिशेबच बदलला. एकच सिझर आणि तो खालचा आडवा छेद असेल, तर संधी घेणाऱ्या १०० बायकांपैकी ६० ते ८० नॉर्मल होतात. आधी एखादं नॉर्मल बाळंतपण झालेलं असेल तर ८५ ते ९०. टाका उसवण्याचा धोका साधारण २०० मध्ये १. छोटा आहे, पण उसवला तर मिनिटांचा प्रश्न असतो, म्हणून वरची सगळी फौज लागते. बाळ दगावण्याचा धोका संधी घेताना १०,००० मध्ये ४ च्या आसपास, ठरवून सिझर केलं तर १ किंवा त्याहून कमी. चार म्हणजे पहिलटकरणीच्या नॉर्मल बाळंतपणात असतो साधारण तेवढाच.

पोटावरची रेघ आडवी आहे म्हणजे आतला छेदही आडवाच, असं धरून चालू नका. कातडीवर एक आणि पिशवीवर दुसरं असू शकतं. ते फक्त ऑपरेशनच्या नोंदीत कळतं. डिस्चार्ज कार्डावर बहुतेक वेळा नुसतं "एल.एस.सी.एस." (सिझरचं इंग्रजी लघुरूप) लिहून मोकळे होतात. तुम्हाला ती नोंद पाहिजे. आणि सिझर नक्की कशासाठी झालं तेही त्यातच कळेल. "बाळ उतरेना" म्हणून झालेल्यांत पुढच्या वेळी नॉर्मल होण्याचं प्रमाण जरा कमी, ६०-६५ च्या घरात. पायाळू किंवा ठोके कमी झाले म्हणून झालेल्यांत त्याहून चांगलं. पावणेतीन किलोच्या बाळाला मोठं म्हटलंय ते मलाही खटकलं.


चिखलीकरीण | १३ जून, रात्री ९.५५

मॅडम, कार्ड काढून बघितलं. एवढंच: "एल.एस.सी.एस., मुलगी, २.७." बाकी पोलिओच्या तारखा आणि लोहाच्या गोळ्या. त्या दवाखान्यात फोन लावला तर म्हणाले जुन्या फायली शोधायला वेळ लागेल, कशाला पाहिजे, तक्रार करायची आहे काय?


रात्रपाळी | १४ जून, पहाटे ५.५०

सिस्टर आहे, लेबर रूमला. आत्ता ड्यूटी संपली.

ताई, तोंडी विचारू नका, कागदावर मागा. वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे, ॲडमिट पेशंटची कागदपत्रं दवाखान्यानं ३ वर्षं ठेवायची आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायची. तुमची मुलगी ऑगस्टात तीन वर्षांची होणार म्हणताय ना? मग गडबड करा. अर्ज दोन प्रतींत, एकावर पोहोच घ्या. भांडू नका, "नवीन डॉक्टरांनी मागितलंय" एवढंच बोला. मिळतं.


मिरजतिकटी | १४ जून, सकाळी ८.१०

हे मला माहीतच नव्हतं. माझी तर दोन्ही कार्डं नणंदेच्या मुलानं चित्रं काढून संपवली.


निपाणीची_सून | १६ जून, दुपारी २.३०

मधेच घुसते, राग मानू नका. माझं पहिलं सिझर ११ महिन्यांपूर्वी. बाळ अंगावर पीत होतं, पाळी आलीच नव्हती, म्हणून कळलंच नाही, आता पाचवा संपलाय. मला नॉर्मलच पाहिजे, पण डॉक्टर सरळ नाही म्हणतात. कोल्हापुरात कुणी करेल का?


प्रसूतीवाली | १६ जून, रात्री १०.०५

म्हणजे दोन बाळंतपणांत साधारण १५ महिन्यांचं अंतर पडतं. १८ महिन्यांच्या आत टाका उसवायचं प्रमाण वाढलेलं दिसतं. शिवण वरून भरलेली असते, पण आत मजबूत व्हायला वेळ लागतो. तुमचे डॉक्टर उगाच नाही म्हणत नाहीत. दुसरं मत जरूर घ्या, पण "हो" म्हणणारा सापडेपर्यंत दवाखाने बदलत बसू नका. आणि वार (प्लासेंटा) कुठं आहे ते सोनोग्राफीत नीट विचारून घ्या. जुन्या टाक्यावर खाली आली असेल तर तो प्रश्न नॉर्मल-सिझरपेक्षा मोठा.


निपाणीची_सून | १६ जून, रात्री १०.२०

वाईट वाटलं, पण ठीक. आमचे डॉक्टर एवढं सांगत नाहीत हो, नुसतं "नाही" म्हणतात.


चिखलीकरीण | २१ जून, संध्याकाळी ६.१५

मिळाली नोंद! नवरा आणि भाऊ दोघं गेले, अर्ज दिला, पोहोच मागितल्यावर काउंटरवरच्या बाईनं सुस्कारा सोडला आणि परवा या म्हणाली. परवा जाऊन झेरॉक्स घेऊन आले, पिवळट कागद, एका कोपऱ्यावर चहाच्या कपाचा गोल डाग. त्या चहाच्या वेळी मी टेबलावर होतो की काय, असा विचार मनात आला.

आमच्या मॅडमनी वाचून दाखवलं. गर्भपिशवीचं तोंड ८ सेंटिमीटर उघडलेलं. पाणी हिरवं, म्हणजे पोरीनं आतच शी केलेली. ठोके ८० पर्यंत खाली आलेले आणि लवकर वर येईनात. खालचा आडवा छेद, शिवण दोन थरांत. कंबर लहान असल्याचा एक शब्द नाही.

तीन वर्षं मी ऐकून घेतलंय. सासूबाई "आमच्यात सगळ्या घरीच बाळंत झाल्या" म्हणायच्या, आणि मी आपलं "माझी कंबर लहान" म्हणून गप्प बसायचो. साडी नेसताना पण आरशात बघून वाटायचं, ही कंबर. आईला फोन केला, तर ती पहिल्यांदा रडली आणि मग त्या दवाखान्याला कोल्हापुरी भाषेत काय काय म्हणाली ते इथं लिहिता येणार नाही.


प्रसूतीवाली | २१ जून, रात्री १०.४०

८ सेंटिमीटरपर्यंत गेला होतात आणि कारण ठोक्यांचं होतं. मग तुमचा हिशेब बराच सुधारतो. रात्री अकराला, घाईत, बाहेरच्या माणसाला काहीतरी एका वाक्यात सांगायचं म्हणून कुणीतरी "बाळ मोठं" म्हणून गेलं असेल. चूकच आहे. ऑपरेशन मात्र योग्य वेळी झालं असं नोंदीवरून वाटतं, तेही लक्षात ठेवा.


कोल्हापुरी_काका | २२ जून, सकाळी ६.३०

स्पष्ट बोलतो, माफ करा. २०० मध्ये १ म्हणजे कमी वाटतं, पण तो एक आपल्या घरातला असला तर शंभर टक्के. विज्ञान आहे, पैसे आहेत, मग जिवाशी खेळ कशाला? माझ्या सुनेला आम्ही सरळ सांगितलं, तारीख घ्यायची.


रंकाळा_सकाळी | २२ जून, सकाळी ८.५५

काका, सुनेला "सांगितलं" की विचारलं?


प्रसूतीवाली | २२ जून, दुपारी २.१०

काकांची भीती खोटी नाही. पण सिझर म्हणजे शून्य धोका, हे गणित चुकीचं आहे. ३९ आठवड्यांनंतर ठरवून केलं तरी १०० पैकी ४-५ बाळांना सुरुवातीला दम लागतो, नॉर्मलच्या वाटेत २-३. म्हणूनच मुहूर्तासाठी ३८ व्या आठवड्यात ओढून आणू नका, ज्योतिबा आठवडाभर थांबेल. आणि पुढं आणखी मुलं हवी असतील तर प्रत्येक सिझर पुढच्या वेळेवर कर्ज ठेवून जातं. वार खाली आलेली असेल तर एका सिझरनंतर ती जुन्या टाक्यात रुतून बसण्याचा धोका साधारण १०० मध्ये ११, दोन सिझरनंतर ४०. अशी रुतलेली वार काढताना कधी गर्भपिशवीच काढावी लागते. दोनच मुलं पुरे म्हणणाऱ्या बाईला हा मुद्दा फार मोठा नाही. चार हवी असणारीला फार मोठा आहे.


चिखलीकरीण | २२ जून, रात्री ११.३०

काकांचं वाचून दिवसभर पोटात गोळा. मॅडमना तोंडावर विचारलं, तुमची मुलगी असती तर? त्या हसल्या, म्हणाल्या, "माझी मुलगी राजारामपुरीत राहते, तुम्ही चिखलीत. आधी त्याचं बोलू."


रात्रपाळी | २४ जून, सकाळी ८.४०

बरोबर बोलल्या तुमच्या मॅडम. मला कुणी विचारलं की दवाखाना कुठला, तर मी आधी घर कुठं ते विचारते. १०८ ला फोन केला की गाडी येते, पण गाडी काय पाण्यातून येणार नाही. महिनाभर आधी शहरात कुणाकडं तरी येऊन राहा. आमच्याकडं गगनबावड्याकडच्या बायका पावसाळ्यात अशाच येतात, भवानी मंडपाजवळच्या आत्याकडं नाहीतर कुठल्या खोलीवर.

आणि सिझर झालेल्या बाईनं नॉर्मलच्या कळांत काय करू नये ते सांगते, कारण हे मी डोळ्यांनी बघितलंय. एरंडेल पिऊ नका. कुणी मावशी म्हणेल "पोट साफ झालं की कळा येतात", हो, येतात, आणि जोरात येतात, कुणाच्या हातात नसतात. वाटेत कुठल्या दवाखान्यात "एक कळांचं इंजेक्शन मारून देतो, मग जा" म्हणाले तर तिथून उठा. कळांच्या सलाईननं टाका उसवायचा धोका दोन-तीन पटीनं वाढतो. ते द्यायचं झालं तरी पंपावर मोजून, यंत्र पोटाला लावून, डॉक्टर शेजारी असताना. कळा आणायची ती छोटी गोळी, मिसोप्रोस्टोल, टाक्यावर अजिबात चालत नाही.

पहिलटकरणीला आम्ही सांगतो, घरी थोडी फिर, मग ये. तुम्ही तसं करू नका. कळा नियमित झाल्या, पाणी गेलं, लालसर गेलं, की निघायचं. आल्यावर पोटाला पट्टे लावतो, बाळाचे ठोके सतत कागदावर. टाका उसवायला लागला तर बहुतेक वेळा पहिली खूण तिथेच दिसते, ठोके पडतात. बाकी मी तुमच्या चेहऱ्याकडं बघत असते. कळ ओसरली की बाईचा चेहरा सैल पडतो. कळ गेली तरी खालच्या टाक्याशी दुखणं राहिलं, नाडी पळायला लागली, लघवी लालसर झाली, नाहीतर चांगल्या चाललेल्या कळा एकदम बंद पडल्या, तर मी डॉक्टरला हाक मारत नाही, ओरडते.

कंबरेतून भूल घेता येते बरं का. टाक्यावर चालत नाही म्हणतात ते खोटं.


मिरजतिकटी | २४ जून, सकाळी १०.३०

सिस्टर, "हाक मारत नाही, ओरडते". अंगावर काटा आला. झोपा आता जाऊन.


चिखलीकरीण | ३० जून, रात्री ९.२०

ठरलं. वार वर आहे, शुगर-बीपी ठीक, बाळ डोक्याकडून. आपोआप कळा आल्या तर संधी घ्यायची, कळा आणायचं औषध द्यायचं नाही. १६ ऑगस्टपर्यंत वाट, तोवर काही नाही झालं तर १७ ला सकाळी सिझर. आणि कळा चालू असताना मॅडम "आता बस" म्हणाल्या की वाद नाही, सही आधीच करून ठेवायची. दवाखाना पण बदलला, मॅडम जिथं ऑपरेशनला जातात त्या मोठ्या ठिकाणी, तिथं भूलतज्ज्ञ रात्री मुक्कामाला असतात. नवऱ्यानं जाऊन खात्री केली. रात्री साडेअकराला! वॉचमननं विचारलं पेशंट कुठाय, तर म्हणाला, ऑगस्टात येणार आहे.

१० जुलैला मावशीकडं राजारामपुरीत जाणार. सासूबाई एकच म्हणाल्या, "दुसरं बाळंतपण सासरी पाहिजे." सासरे म्हणाले, "सासर पाण्यात असतंय तवा मावशीचं घर ते सासर."


साधासरळ | ३० जून, रात्री ९.४५

सासऱ्यांना नमस्कार सांगा. बाकी मी आधी जे तावातावानं लिहिलं, ते थोडं मागे घेतो. थोडंच.


चिखलीकरीण | २७ जुलै, दुपारी ४.१०

काल रात्री पाणी ४३ च्या वर गेलं. राधानगरीचे दरवाजे उघडलेत. नवरा आणि सासरे जनावरं घेऊन बाहेर पडले, सासूबाई इथं मावशीकडं आल्यात. दोन विहिणी एका स्वयंपाकघरात, मी बाहेरच्या खोलीत पाय वर करून बसलोय आणि आमटीत गूळ घालायचा की नाही हे ऐकतोय. बाळ ऐकत असेल तर बाहेर यायचा विचार बदलेल.


रंकाळा_सकाळी | २७ जुलै, दुपारी ४.३०

गूळ नाही घालायचा. हा काय प्रश्न झाला? काळजी घे गं.


कोथरूडकर | २७ जुलै, संध्याकाळी ५.००

घालायचा.


चिखलीकरीण | १७ ऑगस्ट, सकाळी ११.२०

आज सिझरची तारीख होती, आणि आज बाळ आठ दिवसांचं आहे. मुलगा, ३ किलो १५०.

९ तारखेला पहाटे दोनला कळा सुरू झाल्या. पाऊस होता, पण रिक्षानं दहा मिनिटांत पोचलो. चारला ४ सेंटिमीटर, सकाळी नऊला ७. सगळं झकास चाललंय म्हणत होते. नवरा पाठ चोळत होता, मी त्याला एकदा चावलो. मग ८ वर येऊन अडकलं. परत आठ! तीन तास आठच. बाराच्या सुमाराला ठोके खाली यायला लागले, प्रत्येक कळेला थोडे, मग जास्त. सिस्टरनं माझ्या टाक्यावर हात ठेवून विचारलं, आता कळ नाही ना, तरी दुखतंय? दुखत होतं. रात्रपाळी सिस्टर, मला तुमचं वाक्य आठवलं आणि मी खरं सांगितलं. नाहीतर "नाही" म्हणायचा मोह झाला होता, इतक्या लांब येऊन.

वीस मिनिटांत बाळ बाहेर. मॅडम नंतर म्हणाल्या, पिशवीची जुनी शिवण इतकी पातळ झाली होती की पलीकडचं पाणी दिसत होतं. उसवली नव्हती. बाळ लगेच रडलं.

वाईट वाटतंय का? पहिल्या दोन दिवशी वाटलं. शेजारच्या खाटेवरची नॉर्मल होऊन चालत संडासला गेली तेव्हा जास्तच. पण त्या वेळी अकरा वाजता मला कुणी पळवत नेलं होतं आणि काय चाललंय ते ठाऊक नव्हतं. या वेळी प्रत्येक गोष्ट विचारून झाली.

डिस्चार्जच्या आधी ऑपरेशनच्या नोंदीची झेरॉक्स मागितली. सिस्टर म्हणाल्या, आता कशाला, दोन झाली की. म्हटलं, द्या ओ. लॅमिनेशन करून दोन्ही नोंदी एका पिशवीत ठेवल्यात.


प्रसूतीवाली | १७ ऑगस्ट, दुपारी १.४५

अभिनंदन. "दुखतंय" हे खरं सांगितलंत ते फार बरं केलंत. आणि पातळ शिवणीचं वाचल्यावर सांगते, तिसऱ्याचा विचार आलाच तर त्या वेळी कळा नकोत, थेट तारीख.


निपाणीची_सून | १७ ऑगस्ट, दुपारी ३.१०

खूप खूप अभिनंदन ताई! माझी तारीख ऑक्टोबरची ठरली. आमच्या डॉक्टरांना परवा विचारलं वार कुठंय, तर आधी चमकले आणि मग खुर्ची ओढून पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. वर आहे.


मिरजतिकटी | १७ ऑगस्ट, दुपारी ३.४०

बाळाला शंभर वर्षं आयुष्य. डिंकाचे लाडू चालू केलेस का? अळीव खा, दुधाला चांगला. आणि मूल बंदचं ऑपरेशन तिथंच उरकून घेतलंस की नाही?


चिखलीकरीण | १७ ऑगस्ट, संध्याकाळी ७.३०

अळीव सासूबाई, डिंक आई, दोघींची स्पर्धा लागलीय. ऑपरेशन नाही केलं काकू. नवऱ्याला म्हटलं, दोनदा माझं पोट उघडलं, आता तुझी पाळी, पुरुषांचं बिनटाक्याचं असतंय म्हणे. तेव्हापासून तो रोज चिखलीला घर धुवायला जातोय. अंगणापर्यंतच आलं होतं पाणी.